बापू ताण देतात

बापूंच्या घराला फाटक आहे आणि ते उघडत नाही. म्हणजे उघडतं, पण कडी काढली, ढकललं आणि गेलो आत, असं होत नाही. आधी उजव्या गुडघ्यानं खालची पट्टी वर उचलायची, मग फाटक स्वतःकडे ओढायचं, मग फटीतून हात घालून पलीकडचा दोरीचा फास सैल करायचा, आणि हे सगळं एका दमात. मध्ये कुठं श्वास घेतला की फाटक पुन्हा होतं तिथं. मी ते उघडायला शिकले तोवर माझी एक चांगली ओढणी कामी आली होती.

हे चाललेलं असताना बापू समोरच लिंबाखाली बाजेवर बसलेले असतात. उठत नाहीत. कोण आलं, काय हवंय, काही विचारत नाहीत. फक्त बघतात आणि मधूनच म्हणतात, “घ्या घ्या. दमानं घ्या.”

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. माहेर सांगलीचं, ऐन नदीकाठचं. पाणी घरात शिरू नये म्हणून आमच्याकडे लोक देव पाण्यात ठेवतात. बदली झाली ती कवठे महांकाळच्याही आत, जिथं देव पाण्यात ठेवायचे तर आधी पाणी शोधावं लागतं. नवरा, सचिन, शिरवळला कारखान्यात. शनिवारी येतो, रविवारी जातो. अशी अर्धी बिऱ्हाडं फार कुणी ठेवून घेत नाही. बापूंनी मात्र घराच्या कडेच्या दोन खोल्या दिल्या, भाडंही वाजवी. फक्त जाण्यायेण्याची वाट त्या फाटकातूनच.

सामान घेऊन आलो त्या दिवशी सचिन फाटकाशी इतका वेळ झटत होता की टेम्पोवाला आत पाहून, हे घर आपलंच ना, असं विचारायला लागला. शेवटी मी म्हटलं, “बापू, फाटक बिघडलंय का?”

“न्हाई,” बापू अभिमानानं म्हणाले, “म्याच केलंय तसं.”

“कशाला?”

“सरळ उघडलं की मानूस आत येतंय, पर त्येचं ध्यान भाईरच ऱ्हातंय. ह्या फाटकातनं आलेलं मानूस आख्खं आत येतंय बगा.”

मी स्वभावानं घाईची. दूध उतू जायच्या आधी गॅस बंद करणारी, बस थांबायच्या आधी दारात उभी राहणारी. अशा बाईला देवानं हा घरमालक मुद्दाम शोधून दिला, यात मला शंका नाही.

कारण फाटक ही नुसती सुरुवात होती. बापूंच्या सोप्यातलं घड्याळ भिंतीकडे तोंड करून टांगलेलं आहे. वेळ बघायची तर उठून, ते उलटं करून बघायची. स्वयंपाकघरातल्या दिव्याचं बटण सोप्यात. स्कूटर फक्त उतारावर चालू होते. गावातला मेकॅनिक फुकट दुरुस्त करून देतो म्हणत होता, पण बापूंनी हात लावू दिला नाही. आणि त्यांचा मोबाइल. त्याचं चारचं बटण कधीचं मेलेलं आहे. ज्यांच्या नंबरात चार नाही अशाच माणसांना बापू फोन करू शकतात.

“आणि ज्यांच्या नंबरात चार आहे त्यांचं काय?” मी विचारलं.

“त्यास्नी भेटायला जातो. त्येंच्याशी माझं लय चांगलं हाय,” बापू म्हणाले.

गेल्या निवडणुकीत एक उमेदवार हात जोडून फाटकापाशी आला. बरोबर पाचपन्नास माणसं. उमेदवारानं पट्टी उचलली, दोरी सुटेना. दोरी सुटली तर पट्टी खाली. मागचे कार्यकर्ते सूचना करायला लागले, त्यातला एक वरून उडी मारू का म्हणाला. बापू बाजेवरून, “घ्या घ्या. दमानं घ्या.” अखेर उमेदवार घामानं निथळत बाहेरूनच म्हणाला, “बापू, लक्ष असू द्या.” बापू म्हणाले, “लक्ष हायच की तुमच्याकडं. मगाधरनं दुसरीकडं बगितलंबी न्हाई.” मंडळी पुढच्या वस्तीवर गेली आणि बापू दिवसभर खुशीत होते.

या सगळ्याचं मूळ कुठं आहे ते मला पहिल्या थंडीत कळलं, आणि तेही सचिनच्या चांगुलपणामुळं.

बापूंची डाळिंबाची बाग आहे, घरामागं, माळाला लागून. मार्गशीर्षात त्यांनी तिचं पाणी तोडलं. पाणी होतं, शेततळं निम्म्याच्या वर भरलेलं होतं, तरी तोडलं. हळूहळू पानं पिवळी पडली, गळाली, झाडं खराट्यासारखी दिसायला लागली. शनिवारी सचिन आला, बागेकडं बघून त्याचं काळीज हललं. त्याला वाटलं म्हातारा थकला असेल, विसरला असेल. रविवारी बापू बाजाराला गेलेत असं बघून यानं ठिबकचा कॉक फिरवला आणि दुपारभर कडेच्या ओळींना मनसोक्त पाणी पाजलं. वर मला म्हणाला, “कुणाला सांगू नकोस. उगाच आभार मानत बसतील.”

संध्याकाळी बापू बागेतून आले. चेहरा पडला होता, पण आवाज चढला नाही. सचिनला बाजेवर शेजारी बसवून म्हणाले, “पावनं, तुमी मायेनं केलं. पर बाग तानावर हुती.”

मग त्यांनी सांगितलं ते असं. डाळिंबाला सारखं पाणी मिळत राहिलं की झाड सुखात राहतं, पाला काढतं, आणि फूल धरायचं विसरतं. मग पाणी तोडायचं. ताण द्यायचा. झाड अडलं, घाबरलं की सगळं बळ एकवटतं, आणि पुन्हा पाणी सोडलं की एकदम फुलतं. ताण पुरता बसायच्या आत पाणी दिलं तर नुसता पाला. तसंच झालं. माघात सगळी बाग लालभडक झाली आणि कडेच्या ओळी हिरव्यागार, बिनफुलाच्या. त्या ओळींना बापू अजून ‘पावन्यांची झाडं’ म्हणतात.

“झाडाचं सोडा,” मी म्हटलं. “फाटकाचं काय?”

“मानूस तरी येगळं काय असतंय? अडल्याबगार बगत न्हाई. तुमी रोज शाळंला जाता त्या वाटंत काय काय हाय, सांगा बरं.”

“बापू, मला वाट बघायला पगार नाही मिळत.”

ते हसले आणि विषय तिथंच राहिला. पुढं एकदा पाइपलाइनसाठी शाळेचा रस्ता खणला, तेव्हा चिडचिड करत मला रानातून वळसा घालावा लागला. तिथं एक पडकी विहीर निघाली, आणि तिच्यावर वाकलेल्या बाभळीला सुगरणींचे खोपेच खोपे लोंबत होते. मी पहिली घंटा होईपर्यंत तिथं उभी राहिले आणि मुख्याध्यापकांची बोलणी खाल्ली. हे मी बापूंना अजून सांगितलेलं नाही. त्यांना उगाच जोर आला असता.

बापूंच्या या राज्यात कशालाही न अडणारं एकच माणूस होतं. त्यांची बायको, अक्का. ठेंगणी, ठसठशीत, आणि तोंडाला विसावा म्हणून नाही. फाटक त्या पायानं उघडायच्या, खाली एका ठराविक जागी लाथ घालून, डोक्यावरची पाटी न हलवता. ती जागा त्यांनी मला कधी दाखवली नाही. अक्का सकाळी उठल्या की बोलायला सुरुवात करत. शेळीशी, कुकरशी, माझ्याशी, आणि बाकी सगळा वेळ बापूंच्या नावानं.

“आवं, त्या घड्याळानं काय पाप केलंय? भिताडाकडं तोंड करून उबं केलंय त्ये, शाळंतल्या पोरागत.”

“हां,” बापू म्हणायचे.

“बाई, तुमाला सांगती, ह्या मानसाशी संसार केला म्हंजी मी लोकाच्या वरातीला बशीतनं न्हाई, चालत ग्येली. का? तर बशीत बसल्यावर वाट दिसत न्हाई म्हनं.”

“हां.”

अक्कांच्या दिवसभराच्या बोलण्याला बापूंचं उत्तर एवढंच. मला वाटायचं हा माणूस बायकोचं काही ऐकतच नसणार.

मागच्या दिवाळीनंतर एका सकाळी अक्का चुलीपुढं बसल्या होत्या त्या एका बाजूला कलंडल्या. गावातल्या जीपमधून त्यांना मिरजेला नेलं. तीन आठवड्यांनी घरी आल्या. पाय हळूहळू उचलत होता, उजवा हात अधू झाला होता, आणि वाचा गेली होती. समोरच्याचं सगळं समजत होतं. सांगायला गेलं की नुसतं “आँ, आँ.” डॉक्टर म्हणाले होते, वाचा परत येईल किंवा येणारही नाही. यायची असली तर हे पुढचे काही महिने महत्त्वाचे.

सगळी वस्ती धावून आली. बायका येत, अक्कांच्या भोवती बसत, आणि अक्कांनी बोट उचलायच्या आत कुणी पाणी देई, कुणी उशी सरकवी, कुणी पदर नीट करी. अक्का मान हलवत आणि गप्प बसत. मला ते बघवत नसे. पण बायकांची माया खरी होती, आणि मीही त्यांतलीच एक होते.

आठवडाभर बापूंनी हे पाहिलं आणि मग फाटकाला आणखी एक दोरी बांधली.

वस्तीवर बोंब झाली. आजारी बाईच्या घराला असं फाटक. शेजारच्या सुलाकाकू दोरीशी दोन दिवस झटल्या आणि तिसऱ्या दिवशी बाहेरूनच बापूंच्या सात पिढ्यांचा उद्धार करून गेल्या. मला आत जावंच लागायचं, त्यामुळं पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं.

अक्का प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी वर पंख्याकडं बोट केलं. “आँ.”

बापूंनी वर बघितलं, विचार केला, आणि आतून छत्री आणली. उघडून अक्कांच्या डोक्यावर धरली.

अक्कांनी डाव्या हातानं खुर्चीचा हात बडवला. बापू छत्री ठेवून पिठाची चाळण घेऊन आले. मग स्वतःची चप्पल. मग कॅलेंडर. चेहरा इतका भोळा की एखाद्यानं शपथेवर सांगावं, या माणसाला पंखा म्हणजे काय ते ठाऊक नाही. अक्का रागानं लाल झाल्या, ओठ हलले, जीभ टाळूला लागली, पण बाहेर आलं ते “आँ”च. मग बापूंनी पंखा लावला. दुसऱ्या दिवशी मिठासाठी तेच, तिसऱ्या दिवशी खिडकीसाठी तेच.

माझं डोकं फिरलं. शाळा सुटल्यावर तडक बापूंकडं गेले. मधे फाटक होतं, त्याला आता दोन दोऱ्या होत्या, त्यामुळं आत पोचेपर्यंत राग दुप्पट झाला.

“बापू, त्यांना काय हवं असतं ते तुम्हाला कळतं की नाही?”

“कळतंय की. बोट उचलायच्या आदी कळतंय.”

“मग हा छळ कशासाठी?”

त्यांनी मला घरामागं नेलं, अक्कांना ऐकू जाणार नाही इतकं लांब. “मिरजंला त्या बोलायला शिकवनाऱ्या डागतरीनबाई हुत्या, त्या म्हनल्या, न मागता समदं देऊ नका. शब्द तिला हुडकू द्या, तिच्या तोंडातला तुमी काढून घिऊ नका. हितं आल्यावर समद्या बाया कडंनं बसून तेच करायल्या. पानी आन गोळ्या म्या येळच्या येळी देतो, त्यात खेळ न्हाई करत. बाकीच्याला अडवतो.”

“मग लोकांना तसं सांगा ना. सगळे तुम्हाला राक्षस म्हणतायत.”

“म्हनू द्यात. त्येंच्यासमोर तिला शिकवायला लागलो तर तिला लाज वाटंल.” ते बागेकडं बघत होते. “बाई, झाडाचं मला कळतंय. पान बगितलं, खोड बगितलं की कळतंय, आता बास, आता पानी सोडा. हिचं कशावरनं वळखायचं? ज्यादा झालं म्हंजी? ती रडाया लागली की वाटतंय, मरू दे, जाऊन पंखा लावावा. घरात लय गप झालंय वं. जलमभर ती बोलली म्हनून मला बोलावं लागलं न्हाई. आता दिसभर म्याच बोलतोय, आन मला येत न्हाई.”

मी भांडायला गेले होते, ते राहूनच गेलं. त्या माणसाच्या “हां”मध्ये किती ऐकणं होतं ते मला तेव्हा कळलं आणि मनापासून वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून मीही मठ्ठ झाले. आमचं दोघांचं छान जमलं. अक्कांनी फणी मागितली की मी शाळेतला खडूचा डबा नेऊन द्यायची. अक्कांनी माझ्याकडं असं बघितलं की माझ्या शिक्षणाबद्दल त्यांना पहिल्यापासून असलेला संशय आता पक्का झाला असावा. बापू आतून सांडशी आणत. मी विचारायची, “ही का हो?” आणि अक्का कपाळावर हात मारून घ्यायच्या. एकदा चिडून त्यांनी मांडीवरचा बटाटा उचलला आणि बापूंना फेकून मारला. तो बरोबर टाळक्यात बसला. बापू टाळकं चोळत माझ्याकडं वळले, डोळे चमकत होते.

“बगितलं का? उजवा हात.”

खरंच उजवा होता. अक्कांनीही हाताकडं पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं, तोंडाच्या एकाच बाजूनं. त्या दिवशी बापूंनी बटाट्याची भाजी केली आणि तिघांनी मिळून खाल्ली. मीठ विसरले होते. ते मात्र मुद्दाम नव्हतं.

पण शब्द येत नव्हता. संक्रांत गेली. मिरजेला दाखवून आणलं, तिथं म्हणाले, चालू ठेवा. बापू चालू ठेवत होते, पण आता मधूनच माझ्याकडं बघायचे, आणि त्या बघण्यात तो बागेकडं बघत विचारलेला प्रश्न असायचा.

मग एक शनिवार आला. सकाळची शाळा करून मी बापूंच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर मेथी निवडत बसले होते. अक्का आत खुर्चीवर, तोंड गॅसच्या ओट्याकडं. बापूंनी दूध तापत ठेवलं आणि पाठ करून फळीवर साखरेचा डबा शोधायला लागले.

“आँ,” अक्का म्हणाल्या.

“काय?” बापू न वळता म्हणाले. “छत्री देऊ?”

“आँ, आँ.”

“चप्पल?”

मीही मान वर केली नाही. मेथीत हात घालून म्हटलं, “खडूचा डबा आणू का, अक्का?”

मठ्ठपणाचा आम्हाला इतका सराव झाला होता की आता सोंग घ्यायचीही गरज उरली नव्हती. अक्कांनी खुर्ची बडवली. बापू डबे सरकवत राहिले. आणि मग त्या घरात मी कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता असा आवाज आला, घोगरा, पण थेट शेळीच्या गोठ्यापर्यंत जाईल असा.

“म्हादा, दूध.”

दूध गेलंच. पातेल्यावरून उतरलं, ओट्यावर पसरलं, खाली ठिबकायला लागलं. बापू डबा हातात धरून उभे. अक्का स्वतःच्याच आवाजानं दचकलेल्या. मीच उठून गॅस बंद केला, आणि माझ्या डोक्यात काय यावं, तर म्हादा कोण? या घरात म्हादा नावाचं कुणी नव्हतं. सगळा गाव या माणसाला बापू म्हणतो, त्यांचे थोरले भाऊसुद्धा बापूच म्हणतात.

मग बघितलं तर अक्कांनी पदर तोंडावर ओढून घेतला होता आणि कानापर्यंत लाल झाल्या होत्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी सचिनला सचिन म्हणते ते ऐकूनही ज्या बाईनं पहिल्या दिवशी जीभ चावली होती, तिनं परक्या बाईसमोर नवऱ्याचं नाव घेतलं होतं. तेही उखाण्यात नव्हे. रानातल्या गड्याला हाळी द्यावी तसं.

बापूंनी डबा खाली ठेवला. सांडलेल्या दुधातूनच ते चालत आले आणि खुर्चीपुढं जमिनीवर बसले. बोलले माझ्याशी, पण बघत होते अक्कांकडं.

“आई हाक मारायची अशी. ती ग्येल्यापासनं म्हादा कुनी म्हनलं न्हाई मला. हिनं सासूचं ऐकून ध्यानात ठिवलं म्हनायचं.”

अक्कांनी पदराआडून ओट्याकडं बोट केलं, दूध पुसायचं म्हणून. बापू हलले नाहीत.

“काय म्हनलीस? मला आयकू आलं न्हाई.”

अक्कांनी मान हलवली.

“म्हन की गं. येकदा.”

अक्कांनी माझ्याकडं बघितलं. मला त्या बघण्याचा अर्थ चांगला कळला आणि या वेळी मी मठ्ठपणा केला नाही. मी उंबऱ्यावर पाठ करून बसले, तोंड अंगणाकडं केलं आणि मेथीच्या काड्या मोडायला लागले. मग मागून हळूच, अडखळत, जवळजवळ श्वासातच आलं.

“म्हादा.”

आणि बापूंनी ओ दिली.